अढाऊ जिनिंगची चिमणी

"दोन घंट्यांत आडवी करून देतो, ताई. दुपारी चहाले बोलवा, तवा चिमणी दिसनार नाई."

बबलू काळबांडेने चिमणीकडे मान वर करून पाहिलंही नाही. तो आपल्या जेसीबीच्या पायरीवर बसून तंबाखू मळत होता.

"आडवी कशी करणार?" मी विचारलं.

"वायर रोप लावाचा अन् मशीननं वढाचं. पूर्वेकडे सारं मोकळं हाय."

"पण ती तर पश्चिमेला झुकलीय."

"वढली का येते."

"आणि नाही आली तर?"

बबलूने तंबाखू तोंडात टाकली, हात झटकले आणि हसला. "मंग देवाची मर्जी."

पश्चिमेला जिनिंगपुरा होता. चौतीस घरं.

वरखेडला आमच्या आजोबांनी कापसाचं जिनिंग टाकलं तेव्हा वाफेच्या इंजिनासाठी ही चिमणी बांधली होती. नव्वद फूट उंच, विटांची, चुन्यातली. पुढे इंजिन जाऊन वीज आली, त्याच्याही पुढे, वडिलांच्या काळात, जिनिंगच बंद पडलं. चिमणी मात्र उभी राहिली आणि तिच्या पायाशी मजुरांच्या झोपड्यांची हळूहळू पक्की घरं झाली. जमीन आमची, घरं त्यांची. यावर कधी कुणी बोललं नव्हतं. सत्त्याण्णव सालच्या ऑक्टोबरात, परतीच्या पावसात, चिमणीवर वीज पडली. टोकापासून वीस-बावीस फूट खालपर्यंत उभी भेग गेली आणि वरचा सगळा भाग पश्चिमेला कलला.

वडील त्याच वर्षी फेब्रुवारीत गेले होते. जमीन माझ्या आणि माझ्या धाकट्या भावाच्या, श्रीकांतच्या, नावावर आली होती. तो बडोद्याला कारखान्यात इंजिनिअर. मी नागपूरला एका कॉलेजात ग्रंथपाल. तहसीलची नोटीस आली, की मालकांनी पंधरा दिवसांत जाणकार ठेकेदाराकडून चिमणीचं काम सुरू करावं. श्रीकांतला सुट्टी मिळेना, म्हणून मी रजा टाकून वरखेडला आले आणि जिनिंगच्या आवारातल्या आमच्या बंद घराचं कुलूप काढलं.

पुस्तक शोधायचं असतं तर मला जमलं असतं. चिमणी उतरवणारा माणूस कुठे शोधायचा, हे मला माहीत नव्हतं.

नागपूरहून सुरुंग लावणारे एक गृहस्थ आले. त्यांनी चिमणीच्या बुडापासून पहिल्या घरापर्यंत पावलं मोजली. बत्तीस भरली. "उंचीच्या दीडपट मोकळी जागा लागते, बाई. मी हात लावणार नाही," असं म्हणून पाणी पिऊन ते परत गेले. अकोल्याच्या एकाने इमारती पाडल्या होत्या, पण चिमणी म्हटल्यावर त्याने कागदपत्रं पिशवीत परत घातली. अमरावतीचा तिसरा आलाच नाही. सहा दिवस गेले. रोज सकाळी उठून मी आधी खिडकीतून वर बघायची. चिमणी तिथेच असायची आणि रोज मला ती कालच्यापेक्षा थोडी जास्त कललेली वाटायची.

सातव्या दिवशी गिरजामावशी दारात आल्या. जिनिंगपुऱ्यातलं सगळ्यात पुढचं घर त्यांचं. तरुणपणी त्यांनी आमच्या जिनिंगमध्ये सरकी निवडली होती, आणि मी लहान असताना मला कडेवर घेऊन फिरवलंही होतं.

"सुलभाबाई, तुमी साऱ्या जगात इचारून राह्यल्या. गावातल्या मोहोडले नाई इचारलं?"

"कोण मोहोड?"

"जनार्दन मोहोड. त्याचा धंदाच थो हाय. बाहेरगावीच राह्यते जास्त. दिवाळीले घरी आला हाय."

गावातच माणूस होता आणि मी नागपूरला फोन लावत होते.

जनार्दन मोहोड दुसऱ्या दिवशी सायकलवर आले. पंचावन्नच्या घरातला सडपातळ माणूस, अंगात बाह्या दुमडलेला खाकी शर्ट. कॅरिअरला पत्र्याची पेटी बांधलेली. ती उघडून त्यांनी कागद माझ्यापुढे ठेवले. सुपरवायझरचं प्रमाणपत्र, मजुरांच्या विम्याचे कागद, वीज केंद्रांची आणि साखर कारखान्यांची काम पूर्ण झाल्याची पत्रं. बावीस वर्षांत एकोणीस चिमण्या. मी प्रत्येक कागद वाचला. माझा धंदाच तो.

"कोणी मेलं होतं का कधी?" मी विचारलं.

"एक," ते म्हणाले. "सन चौऱ्याऐंशी. माहा चुलतभाऊ. मी थांब म्हनलं होतं, मालक म्हने आजच कराचं. मी मालकाचं आयकलं."

त्यांनी कागद पुन्हा पेटीत रचले.

त्या दिवशी त्यांनी कामाला हात लावला नाही. सकाळी सातला येऊन ओळंबा धरला, मग दुपारी बाराला धरला, मग संध्याकाळी पाचला. उन्हाने एक अंग तापलं की चिमणी सरकते, असं त्यांनी सांगितलं. सळीसारखा खिळा विटांच्या सांध्यात घातला. तो बोटभर सहज आत गेला तेव्हा त्यांनी नुसती मान हलवली. भेगांवर त्यांनी काचेच्या पातळ पट्ट्या प्लास्टरने चिकटवल्या. बाहेरच्या जुन्या लोखंडी पायऱ्यांवरून चढून वर तीन, आणि बुडाशी एक बारीक भेग होती तिच्यावर एक.

"हे कशासाठी?"

"भेग हालली का काच तडकते. काच खोटं बोलत नाई."

मग वऱ्हांड्यात बसून त्यांनी आपलं म्हणणं सांगितलं. बाहेरून बांबूची परांची बांधायची. टोकापासून एकेक थर हाताने काढायचा. विटा बाहेर फेकायच्या नाहीत, चिमणीच्या पोटातच टाकायच्या आणि बुडाच्या भोकातून ओढून काढायच्या. सहा माणसं, अकरा दिवस.

"अकरा," मी म्हटलं.

"अकरा लागतीनच. वारा सुटला तं जास्त. अन् रोज सकाळी आठ ते पाच, समोरची घरं रिकामी पाह्यजेत. चौतीसही. एक म्हातारी जरी आत राह्यली तरी मी काम सुरू करनार नाई. आखरी गोष्ट. माह्याजवळ शिट्टी हाय. तीन डाव वाजली का ज्यानं त्यानं हातातलं काम सोडाचं. मालक असो का मजूर."

मी आत जाऊन श्रीकांतला फोन लावला. दार उघडंच होतं. सगळं सांगितलं.

"अकरा दिवस?" तो म्हणाला. "रोज घरं रिकामी?"

"हो. आठ ते पाच. चौतीसही."

तिकडे कॅलेंडरची पानं उलटल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "मग त्यालाच दे, ताई. मीही येतो. चार-पाच दिवसांत पोचतो."

मी बाहेर येऊन मोहोड मिस्त्रींना काम दिलं.

त्याच संध्याकाळी जिनिंगपुऱ्यातली माणसं आमच्या अंगणात जमली. शाळांना दिवाळीची सुट्टी होती, नगरपालिकेची शाळा दिवसभरासाठी मिळणार होती, तिथे जेवणाची सोय मी करणार होते. मी हे सगळं समजावून सांगितलं. शेवटी गिरजामावशीच बोलल्या.

"चिमणीची भीती वाटते, बाई, थे खरंच हाय. पन घर सोडाची जास्त वाटते. माणूस एकडाव बाहेर पडला का घर परकं होते. कोनाचा कागद हाय आमच्याजवळ?"

"रोज संध्याकाळी प्रत्येकजण आपापल्या घरात झोपेल," मी म्हटलं. "अढाऊंचा शब्द आहे."

मोहोड मिस्त्री खांबाला टेकून उभे होते. "लिहून देता का, ताई?" त्यांनी विचारलं.

"शब्द दिला ना."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आग्रह केला नाही. गिरजामावशी उठल्या, पदर खोचला. "मंग झालं. मालकाच्या पोरीनं शब्द देल्लाय," त्या म्हणाल्या आणि माणसं पांगली.

काम सुरू झालं. पहिले तीन दिवस परांची बांधण्यात गेले. सकाळी आठ वाजता जिनिंगपुऱ्यातली माणसं पोराबाळांसह, डबे-बादल्या घेऊन शाळेकडे जायची आणि पाचला परत यायची. चौथ्या दिवशी मोहोड मिस्त्री आणि त्यांची दोन माणसं टोकावर पोचली. खालून ती कावळ्याएवढी दिसायची. पहिली वीट चिमणीच्या पोटात पडली तेव्हा सबंध आवारात घुमल्यासारखा आवाज झाला आणि बुडाच्या भोकातून जुनी काजळी धुरासारखी बाहेर आली. खाली विटा ओढायला सुखदेव नावाचा त्यांचा मुकादम होता. तो वर बघून हाताने खुणा करायचा आणि वरून उत्तर यायचं.

त्याच संध्याकाळी श्रीकांत आला. माझ्यासाठी त्याने फरसाणाचा डबा आणला होता. आम्ही वऱ्हांड्यात बसून वडिलांच्या गोष्टी काढल्या, हसलो. तो चिमणीकडे बघत म्हणाला, "आजोबांनी काय दणकट बांधली होती." मग खिशातून कागद काढून त्याने सांगितलं, "परवा तू अकोल्याला जाऊन ये. वारस नोंदीच्या नकला आणायच्यात. जीप सांगून ठेवतो, दहाला."

पाचव्या दिवशी वारा सुटला. मोहोड मिस्त्रींनी दुपारीच माणसं उतरवली. "उद्या सकाळी वरची लोखंडी पट्टी कापाची हाय," ते सुखदेवला सांगत होते. "थे कापली का वरच्या विटा मोकळ्या. तवा जमीन हालाले नाई पाह्यजे. बैलगाडी बी आवारात येऊ देऊ नको."

सहाव्या दिवशी सकाळी वारा नव्हता. आठला घरं रिकामी झाली. साडेनऊला वरून करवतीचा आवाज येऊ लागला, बारीक, दातात कळ यावी तसा. दहाला जीप आली. मी पर्स घेतली, जीपमध्ये बसले. जीप फाटकाशी पोचली तेव्हा समोरून बबलूचा जेसीबी येत होता. ड्रायव्हरने बाजूला घेऊन त्याला वाट दिली. जेसीबी आत गेला आणि चिमणीकडे न जाता डावीकडे वळला, जिनिंगपुऱ्याच्या बोळात. त्याच्यामागून श्रीकांत चालत होता.

"काढू का, ताई?" जीपवाल्याने विचारलं.

मी पर्स मांडीवर सारखी केली. त्याने गिअर टाकला.

तेवढ्यात दण्ण असा आवाज झाला, आणि मग काहीतरी कोसळल्याचा, भांडी पडल्याचा. लगेच वरून शिट्टी वाजली. एकदा. दोनदा. तीनदा. नव्वद फुटांवरून ती अशी आली, जणू माझ्याच कानाशी कुणी वाजवली. मी मान बाहेर काढून वर पाहिलं. करवत थांबली होती. टोकाच्या कठड्याला तीन माणसं चिकटून बसली होती, हलत नव्हती.

दुसरा दणका बसला. चिमणीच्या टोकावरून विटेचा तुकडा सुटला आणि परांचीच्या बांबूंवर आपटत खाली आला.

मी जीपमधून उडी मारली. एक चप्पल तिथेच राहिली. पळता पळता मला सुखदेव दिसला, तो चिमणीच्या बुडाशी वाकून ओरडत होता, "काच तडकली! खालची काच तडकली!" मी बोळात शिरले. गिरजामावशींच्या स्वयंपाकघराची भिंत आडवी झाली होती. फळीवरचे पितळी डबे मातीत लोळत होते. जेसीबीचं फावडं पुन्हा वर उठत होतं. मी सरळ त्याच्यापुढे जाऊन उभी राहिले, दोन्ही हात वर करून.

"बंद कर! बबलू, मशीन बंद कर! वर माणसं आहेत!"

बबलूने मला पाहिलं, मग वर पाहिलं. इतक्या दिवसांत त्याने चिमणीकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं असेल. त्याचा चेहरा उतरला. त्याने किल्ली फिरवली. इंजिन बंद पडलं आणि इतकं शांत झालं की वरच्या माणसांची बोलणी ऐकू येऊ लागली.

श्रीकांत माझ्याजवळ आला. "ताई," तो हळू आवाजात म्हणाला, "तू जीपमध्ये जाऊन बस. मला माहीत नव्हतं आज पट्टी कापतायत. त्यांना खाली उतरू दे. मग बघू."

सुखदेव धापा टाकत आला. "मिस्त्री वरून सांगून राह्यले, मशीन फाटकाबाहेर गेल्याशिवाय कोनी उतरनार नाई."

"वेडा आहे का तो?" श्रीकांत म्हणाला. "काच तडकलीय म्हणतोस ना? मग उतरा म्हणावं लगेच!"

"म्या सांगतलं. थे म्हनते, आमी उतरलो का मशीन सुरू होईन."

आम्ही तिघांनीही वर पाहिलं. मोहोड मिस्त्री कापलेल्या पट्टीशी बसले होते. पाय आत, चिमणीच्या पोटात सोडलेले. दोन्ही हात मोकळ्या विटांच्या थरावर पसरून ठेवलेले, झोपलेल्या मुलाच्या अंगावर ठेवावेत तसे. हलकासा वारा पुन्हा सुटला होता. परांचीचा एक बांबू कुठेतरी करकरला.

शाळेकडून माणसं पळत आली. शिट्टी त्यांनाही ऐकू गेली होती. चिमणी पडली, असं समजून ती आली होती आणि समोर चिमणी उभी होती, घर पडलेलं होतं. बोळाच्या तोंडाशी सगळे थबकले. गिरजामावशी पुढे आल्या. त्यांनी मातीतला एक डबा उचलला, पदराने पुसला, परत खाली ठेवला. मग त्या माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"सुलभाबाई, हे तुमाले माहित होतं?"

सगळे माझ्याकडे बघत होते. श्रीकांतही.

"नाही," मी म्हटलं. "मला माहीत नव्हतं."

श्रीकांतने माझ्याकडे एकटक पाहिलं. त्याचे ओठ हलले. लहानपणी वडिलांपुढे उभं राहावं लागायचं तेव्हा तो असाच दिसायचा. मग त्याने मान वळवली आणि गिरजामावशींना म्हणाला, "खरं आहे ते. ताईला काही माहीत नव्हतं. जमिनीचा सौदा मी केला. मशीन मी बोलावलं."

"जमीन माझ्याही नावावर आहे," मी म्हटलं. "माझ्या सहीशिवाय खरेदीखत होणार नाही. आणि सही मी देणार नाही. बबलू, मशीन बाहेर काढ. हळू. जेवढं हळू काढता येईल तेवढं हळू."

बबलूने जेसीबी मागे घेतला. बोळ तीस-चाळीस पावलांचा असेल. ते अंतर जायला त्याला पाव तास लागला. सुखदेव काचेपाशी उकिडवा बसून दर मिनिटाला हात वर करून 'ठीक' अशी खूण करत होता. जेसीबी फाटकाबाहेर जाऊन रस्त्याला लागला, तेव्हा वरून आधी एक माणूस उतरला, मग दुसरा. मोहोड मिस्त्री सगळ्यात शेवटी उतरले. सैल झालेल्या विटांभोवती दोर आवळून बांधल्याशिवाय त्यांनी जागा सोडली नाही. जमिनीला पाय लागल्यावर ते खाली बसले आणि बराच वेळ बसून राहिले.

श्रीकांत त्याच दुपारी निघून गेला. मी त्याला पोचवायला फाटकापर्यंत गेले. त्याने बॅग हातातून दिली नाही.

सौदा मोडला. जमीन घेणाऱ्या अकोल्याच्या बिल्डरने वर्षभर नोटिसा पाठवल्या, मग थकून दुसरी जागा घेतली. सात वर्षांनी, दोन हजार चार साली, चौतीस घरांखालची जमीन ज्याच्या त्याच्या नावावर झाली. त्या कागदांवर श्रीकांतनेही सही केली. टपालाने कागद पाठवले, टपालाने परत आले, सोबत चिठ्ठी नव्हती. जिनिंगपुऱ्यातल्या माणसांनी त्या वेळी माझा सत्कार केला. शाल दिली. कुणी भाषणात म्हणालं, की सख्ख्या भावाच्या विरोधात जाऊन ही बाई मशीनपुढे उभी राहिली. खोटं नव्हतं ते. मी शाल घेतली. श्रीकांत त्यानंतर माझ्याशी कधी बोलला नाही. मागच्या वर्षी तो गेला. वहिनीने फोन केला तेव्हा सगळं उरकलेलं होतं.

आता तो नाही, म्हणून राहिलेलं सांगते.

चिमणीचं काम अकरा नाही, तेरा दिवस चाललं. शेवटच्या संध्याकाळी तिच्या जागी पुरुषभर उंचीचं विटांचं कडं उरलं होतं आणि बाजूला विटांचे ढीग. मजूर गेले होते. मोहोड मिस्त्री हापशावर हातपाय धूत होते. मी जाऊन दांडा धरला आणि पाणी हापसू लागले.

"मिस्त्री, मला माहीत होतं," मी म्हटलं.

ते हात चोळत राहिले. "हाव."

"सौद्याच्या इसाराच्या कागदांवर मी नागपूरहून येण्याआधीच सही केली होती, खरेदीखत तेवढं बाकी होतं. त्यात लिहिलं होतं, जमीन रिकामी करून द्यायची. कशी करायची ते श्रीकांत बघणार होता. बबलूने चिमणी दोन तासांत पाडली असती, तर घरंही दोनच तास रिकामी झाली असती. तुमचे अकरा दिवस आम्हाला हवे होते. तुमचे कागद वाचून मी तुम्हाला काम दिलं नाही."

"माहित हाय मले."

माझा हात दांड्यावरच थांबला. "कधीपासून?"

"पह्यल्याच दिवशी. बावीस वर्षं झाले, ताई, मालक लोकं पाहून राह्यलो. अकरा दिवस म्हनलं का मालक म्हनते, आठात करा, सातात करा. तुमी एकडाव बी कमी करा म्हनलं नाई. आत गेल्या, फोन केला, अन् बाहेर येऊन हाव म्हनलं."

"मग काम का घेतलंत?"

"मी नसतं घेतलं तं बबलूनं दोर लावला असता. थे चिमणी पूर्वेकडे येनार नोती. कोनी बी वढली असती तरी." त्यांनी गळ्यातल्या पंच्याने तोंड पुसलं. "चिमणी कशी जाईन थे मले समजते. माणसाचं नाई समजत. वरून सारं दिसत होतं. मशीन आत आलं, थे बी दिसलं. तुमची जीप फाटकात उभी होती. म्या शिट्टी वाजवली, अन् पाहत राह्यलो, जीप कोनीकडे जाते."

"आणि गेली असती तर?"

ते सायकलीपाशी गेले. पेटी कॅरिअरला बांधली, दोरीची गाठ दोनदा ओढून पाहिली.

"गिरजामावशींना सांगू का?" मी विचारलं.

"थे मले कायले इचारता, ताई," ते म्हणाले आणि सायकल हातात धरून चालत फाटकाबाहेर गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुखदेवने चिमणीच्या विटांनी गिरजामावशींची भिंत पुन्हा उभी करायला घेतली. मी विटा उचलून देत होते. दहाच्या सुमारास मावशींनी त्या उघड्या स्वयंपाकघरात चूल पेटवली, चहा केला आणि पहिला कप माझ्यापुढे धरला.

"घ्या, बाई. तुमच्यानं आज ह्या घरात चूल पेटली."

सांगायचं ठरवूनच मी आले होते. कप दोन्ही हातांनी धरला, आणि चहा प्यायले.